बी मेलंय की थांबलंय? सोलापूरच्या मातीत उगवण का फसते आणि काय करायचं

अडचण दरवर्षी तीच असते. खरीप कांद्याचं रोप तयार करायला मेच्या शेवटी गादीवाफ्यावर बी टाकलं, रोज पाणी दिलं आणि पंधरा दिवसांनी वाफ्यात इथे-तिथे चार काड्या दिसल्या. त्याच पुड्यातलं उरलेलं बी ऑगस्टमध्ये रांगड्या (उशिरा खरिपाच्या) कांद्यासाठी टाकलं, तर दाट उगवलं. उन्हाळ्यात कोथिंबीर वर येत नाही. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, म्हणजे जानेवारीत, टोकलेली भेंडी आणि कलिंगडं आठवड्यामागून आठवडे मातीतच राहतात. मोहोळ, माढा, करमाळा, अक्कलकोट, कुठूनही विचारणा आली तरी पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "बियाणं बोगस निघालं."

बोगस बियाणं बाजारात असतं, आणि त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे. पण वरच्या तक्रारींत पुष्कळदा बी जिवंतच असतं. माती त्याला सोसवेल त्यापेक्षा जास्त तापलेली किंवा जास्त गार असते, म्हणून ते थांबून राहतं. दुसरा पुडा आणण्याआधी दोन गोष्टी तपासा. बी जिवंत आहे का? आणि बी जितक्या खोल आहे तिथे माती किती तापते?

आधी उकरून बघा

उगवणीचे दिवस उलटून गेल्यावर नुसतं पाणी देत वाट बघू नका. वाफ्यात तीन-चार जागी खुरप्याने माती अलगद सरकवा, बी काढून चाळणीत धुवा आणि नखाने दाबा. चिरडलं, आतून तपकिरी पाणचट निघालं, वास आला, तर ते मेलेलं आहे. टणक राहिलं आणि ब्लेडने कापल्यावर आत पांढरं, स्वच्छ दिसलं, तर ते बहुधा थांबलेलं आहे. कोंब फुटून मातीखालीच वाकडा होऊन सुकलेला असेल, तर बियाण्याचा दोष नाही. वरचा थर तापला किंवा त्याची पापडी धरली. बी सापडतच नसेल तर वाफ्याच्या कडेला मुंग्यांची रांग शोधा.

मग उरलेल्या पुड्यातलं बी घेऊन घरात चाचणी लावा. ओल्या सुती कापडावर शंभर बिया ओळीने मांडा, कापडाची सैल गुंडाळी करा आणि घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, पाण्याच्या माठाशेजारी ठेवा. कापड ओलं हवं, त्यातून पाणी ठिबकता कामा नये. दुसरी तशीच गुंडाळी पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तीन-चार दिवस ठेवा आणि मग माठाशेजारी आणा.

निकाल वाचायला सोपा आहे. पहिल्या गुंडाळीतच चांगले मोड आले तर बी उत्तम आहे आणि दोष वाफ्याच्या उष्णतेचा किंवा ओलाव्याचा आहे. पहिलीत आले नाहीत पण फ्रीजमधून काढलेल्या गुंडाळीत आले, तर बी सुप्तावस्थेत होतं आणि गारव्याने ती मोडली. दोन्हीत बुरशी धरून बी मऊ पडलं तर ते पेरू नका, पण पुडा जपून ठेवा, तक्रारीसाठी तो लागतो. फ्रीजची चाचणी कांदा, कोथिंबीर, गाजर, लेट्यूस यांच्यासाठी आहे. भेंडी, कलिंगड, भुईमूग यांचं ओलं बी फ्रीजमध्ये ठेवलं तर गारठ्याने तेच खराब होतं.

आता मातीचा ताप मोजा

वर्तमानपत्रात "सोलापूर ४३ अंश" असं छापून येतं ते हवेचं तापमान असतं, तेही सावलीतल्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून उंचावर मोजलेलं. बी त्या हवेत नसतं. मेमध्ये दुपारी अडीच-तीनला उघड्या, कोरड्या काळ्या मातीचा वरचा थर ५० अंशांच्या पुढे सहज जातो. काळा रंग ऊन शोषतो आणि कोरड्या मातीत ती उष्णता खाली झिरपत नाही, वरच साचते. कांद्याचं बी नेमकं त्याच वरच्या एक-दीड सेंटीमीटरमध्ये असतं.

ताप बघायचा घरातला थर्मामीटर इथे चालत नाही, कारण तो ४२ अंशांच्या आसपास संपतो. स्वयंपाकघरात वापरतात तो टोकदार डिजिटल थर्मामीटर किंवा प्रयोगशाळेतला काचेचा थर्मामीटर घ्या. बी ज्या खोलीवर टाकणार त्याच खोलीवर टोक खुपसा. एकदा दुपारी तीनला, एकदा पहाटे सूर्य उगवायच्या आधी. उन्हाळ्यात दुपारचा आकडा तुम्हाला अडवतो, थंडीत पहाटेचा.

हे आकडे कशाशी ताडून बघायचे? प्रयोगशाळेत वेगवेगळ्या स्थिर तापमानांना बी ठेवून घेतलेल्या नोंदींनुसार कांद्याचं बी २५ ते ३० अंशांत सुमारे ४ दिवसांत उगवतं, १० अंशांत त्याला १३ दिवस लागतात, ३५ अंशांतही पुन्हा १३ दिवस लागतात आणि ४० अंशांत ते उगवतच नाही. लेट्यूस २५ अंशांत २ दिवसांत वर येतं आणि ३५ अंशांत एकही बी फुटत नाही. कोथिंबिरीला २० ते २५ अंश मानवतात, तिशीच्या पुढे ती घसरत जाते. भेंडीचं याच्या बरोबर उलट आहे: ३० अंशांत ७ दिवस, २० अंशांत १७, आणि १५ अंशांत जवळपास महिना. मिरची २५ अंशांत ८ दिवसांत येते, १५ अंशांत २५ दिवस घेते. कलिंगड ३० अंशांत ४ दिवसांत फुटतं, २० अंशांत १२ दिवस लावतं आणि १५ अंशांत हलतच नाही.

पुड्याच्या लेबलवरचा आकडाही याच उजेडात वाचा. प्रमाणित कांदा बियाण्याची किमान उगवण ७० टक्के असावी लागते, धन्याची ६५, ज्वारीची ७५. पण कांद्याची ती चाचणी १५ ते २० अंशांत घेतलेली असते. लेबल खोटं नसलं तरी तुमच्या मेमधल्या वाफ्याची हमी त्यात नाही.

मातीचा ताप तणांवरूनही कळतो. चंदनबटवा रब्बीच्या गारव्यात वर येतो, माठ आणि केना खरिपात. सगळ्यांचं बी वर्षभर त्याच रानात पडून असतं, प्रत्येक जण आपापल्या तापमानाची वाट बघतो. काही तणांचं बी तर दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक ओळखून आपण उघड्या जमिनीच्या वरच्या थरात आहोत हे जाणतं आणि मगच फुटतं. पाचटाचं आच्छादन पसरलं की हा फरक कमी होतो. आच्छादनाखाली तण कमी येण्याचं तेही एक कारण आहे.

बी थांबतं ते का

पाणी मिळालं की बियात दोन संप्रेरकांची ओढाताण सुरू होते. ॲबसिसिक आम्ल उगवण रोखून धरतं, जिबरेलिन ती पुढे ढकलतं. योग्य तापमानात पहिलं ओसरतं आणि दुसरं वाढतं. लेट्यूससारख्या बियांत उष्णता वाढली की ॲबसिसिक आम्ल तयार होतच राहतं, गर्भाभोवतीचा थर मऊ पडत नाही आणि मूळ बाहेर येऊ शकत नाही. लेट्यूस आणि कोथिंबीर भूमध्य समुद्राच्या आसपासच्या प्रदेशातली पिकं. तिथला उन्हाळा कोरडा आणि हिवाळा ओला. उन्हाळ्यातल्या एखाद्या सरीला भुलून जे बी उगवलं ते करपून गेलं, जे थांबलं त्याचा वंश टिकला. कलिंगड आफ्रिकेतलं आणि मिरची अमेरिकेच्या उष्ण भागातली, म्हणून त्यांना गारठ्याची धास्ती.

इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. तापलेल्या ओल्या मातीत थोडा वेळ थांबलेलं बी गारवा मिळताच उगवतं. पण लेट्यूससारखं बी तसंच अनेक दिवस तापत, भिजत राहिलं तर ते आणखी गाढ सुप्तावस्थेत जातं आणि मग माती निवली तरी उठत नाही. "पाऊस पडल्यावर येईल" म्हणून फसलेला वाफा भर उन्हात भिजवत ठेवण्यात म्हणूनच अर्थ नाही.

कोरड्या उष्णतेचं काम वेगळं आहे. काढणीनंतर कोरडं बी काही आठवडे उबेत राहिलं की त्याची सुप्तावस्था हळूहळू ओसरते. भुईमुगात हे स्पष्ट दिसतं, त्याबद्दल पुढे. ओली उष्णता झोपवते आणि कोरडी उष्णता जागं करते, हे ध्यानात राहिलं तर निम्मे घोटाळे टळतात.

उन्हाळा: कांद्याचं रोप आणि कोथिंबीर

पेरणी संध्याकाळीच करा. बी पाणी शोषायला लागतं ते पहिले काही तास सगळ्यात नाजूक असतात, आणि ते रात्री गेले तर बियाला दहा-बारा तास गारवा मिळतो. सकाळी नऊला बी टाकून पाणी सोडलं तर नेमके तेच तास दुपारच्या तापात जातात.

वाफा आदल्या दिवशी भरपूर भिजवून निववून घ्या. बी टाकल्यावर वर चाळलेलं शेणखत पसरा, त्यावर कडब्याचा किंवा पाचटाचा पातळ थर द्या आणि ५० टक्के सावलीचं शेडनेट कमरेएवढ्या उंचीवर ताणा. नेट वाफ्यावर टेकवू नका, खालून हवा खेळली पाहिजे. आच्छादन ओलं राहिलं की बाष्पीभवनाने माती निवते, म्हणून दिवसातून एकदाच भरपूर पाणी देण्याऐवजी झारीने किंवा तुषारने थोडं थोडं द्या, आणि त्यातलं एक पाणी दुपारच्या तापाआधी पडू द्या. हिरवे वाकडे कोंब मातीतून डोकावताच त्याच संध्याकाळी आच्छादन काढा. दोन दिवस उशीर झाला तरी रोपं पिवळी, लांबुडकी होतात आणि मर लागते.

पाणी कुठून येतं तेही बघा. विहीर-बोअरचं पाणी वर्षभर जवळपास सारख्याच तापमानाचं असतं, म्हणून उन्हाळ्यात ते गार लागतं. पण तेच पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून किंवा उन्हात पडलेल्या काळ्या नळीतून आलं तर सुरुवातीचं पाणी हात भाजेल इतकं गरम असतं. ते आधी झाडाबुडी सोडून द्या, नळी निवली की मग वाफ्याकडे वळवा. फ्लॅटच्या बाल्कनीत कुंड्या असणाऱ्यांची उगवण पुष्कळदा इथेच अडते. पश्चिमेकडे तोंड केलेल्या बाल्कनीतली काळी प्लास्टिकची कुंडी चारही बाजूंनी तापते. उगवण होईपर्यंत ती घरात ठेवा.

कोथिंबिरीसाठी धने चपलेने हलके रगडून दोन फाकळ्या वेगळ्या करा, रात्रभर पाण्यात भिजवा आणि निथळून ओल्या गोणपाटात गुंडाळून माठाशेजारी ठेवा. गोणपाट रोज शिंपडून ओलं ठेवा, आणि पांढरी टोकं दिसू लागली की संध्याकाळी सावलीतल्या वाफ्यात पेरा. उगवणीचा पहिला, अवघड टप्पा घरात पार पडल्याने मातीच्या तापाचा फटका कमी बसतो. पालकाच्या बियाच्या कवचात उगवण रोखणारी द्रव्यं असतात, म्हणून तेही भिजवावं आणि ते पाणी एकदा बदलावं. पण एप्रिल-मेमध्ये मोकळ्या रानात, सावलीशिवाय कोथिंबीर करायचा हट्ट धरू नका, असं मी स्पष्टच सांगेन. खर्च आणि पाणी दोन्ही जातं.

प्रोट्रेमध्ये, म्हणजे खाचांच्या प्लास्टिक ट्रेमध्ये, रोपं करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. कोकोपीट भरून बी टाकल्यावर ट्रेंची थप्पी लावून वर प्लास्टिक गुंडाळायची पद्धत आहे. हिवाळ्यात ती उत्तम, कारण आत ऊब धरते. तीच थप्पी मेमध्ये पॉलिहाउसमध्ये किंवा उन्हाच्या कडेला लावली तर आतलं तापमान बियांच्या सोसण्यापलीकडे जातं. मधल्या ट्रेमध्ये थर्मामीटर खुपसून बघा. ३२-३३ च्या पुढे गेला तर प्लास्टिक काढून ओलं गोणपाट टाका आणि थप्पी जाड भिंतीच्या खोलीत हलवा. टोमॅटो-मिरची थोडं जास्त सोसतात, फुलकोबी आणि लेट्यूस अजिबात नाही.

थंडी: कलिंगड, भेंडी, मिरची, भुईमूग

डिसेंबर-जानेवारीत सोलापुरात दुपारी चांगलं ऊन असतं, त्यामुळे माती गार असेल असं वाटत नाही. पहाटे मोजा. घरातलंच उदाहरण बघा: भिजवलेली मटकी मेमध्ये एका रात्रीत मोड काढते, संक्रांतीच्या आसपास दोन दिवस लावते. तसंच रानात घडतं, फक्त तिथे मातीतल्या बुरशा तेवढ्या वेळात बी खाऊन टाकतात.

उन्हाळी भुईमुगाची घाई करू नका. पेरणीच्या खोलीवर, म्हणजे पाच सेंटीमीटरवर, पहाटेचं तापमान १८ अंशांच्या खाली असेल तर थांबा. भुईमूग आणि भेंडी गार मातीत पाणी शोषतात तेव्हा पेशींची आवरणं नीट जुळत नाहीत, आतली साखर बाहेर झिरपते आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. म्हणून आधी रान ओलवा, वाफसा येऊ द्या (जास्तीचं पाणी निथळून माती पेरणीजोगी होऊ द्या), दोन दिवस ऊन लागू द्या आणि दुपारी पेरा. पेरून वर थंड पाणी सोडणं टाळा. इथे बोअरचं पाणी कालव्याच्या पाण्यापेक्षा बरं, कारण थंडीत ते कोमट असतं.

कलिंगडाचं बी कोमट पाण्यात काही तास भिजवा, ओल्या कापडात बांधा आणि उबेत ठेवून मोड आणा. पेंढ्याच्या ढिगात किंवा बल्ब लावलेल्या खोक्यात ३० अंशांच्या आसपास ऊब मिळते. मोड दाण्याएवढा असतानाच लावा, लांबला की मोडतो.

तापमान बरोबर आहे, तरी उगवत नाही

मग खरीखुरी सुप्तावस्था असू शकते. उपट्या (उभ्या वाढीच्या) भुईमुगाला ती जवळजवळ नसते, म्हणून काढणीच्या वेळी पाऊस लागला तर शेंगेतच मोड येतात. पसऱ्या (जमिनीवर पसरणाऱ्या) आणि निमपसऱ्या वाणांचं ताजं बी मात्र काही आठवडे ते दोन-तीन महिने उगवत नाही. अशा शेंगा फोडून दाणे ४० अंशांच्या कोरड्या उबेत ठेवले की सुप्तावस्था लवकर ओसरते. प्रयोगशाळांत चाचणीआधी हेच करतात. ताज्या सूर्यफुलालाही साधारण दीड महिना विश्रांती लागते. दोन्हींवर इथ्रेलची (इथिलीन वायू सोडणारं रसायन) प्रक्रिया चालते, पण प्रमाण सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचे कृषी सहायक) विचारूनच ठरवा.

बांधावर सुबाभूळ, बाभूळ, चिंच लावणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी: कवच इतकं कठीण की पाणीच आत शिरत नाही. सुबाभळीचं बी ८० अंशांच्या पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून लगेच गार पाण्यात टाका आणि रात्रभर भिजू द्या. फुगलेलं बी पेरा, न फुगलेल्याला पुन्हा तीच प्रक्रिया द्या. उकळत्या पाण्यात शिजवू नका.

रब्बी ज्वारीची तक्रार मात्र मी सहसा तापमानावर टाकणार नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मालदांडी ज्वारीला माती मानवते. उगवण विरळ झाली तर ओल खाली गेली होती का, हे आधी बघा. खरिपात घाईची पेरणी फसते तिथे ओल आणि ताप दोन्ही असतात: मृगाच्या पहिल्या सरीने वरचा थर भिजतो, बी फुगतं, मग चार दिवस कडक ऊन पडतं आणि फुगलेलं बी तापून सुकतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबा हा सल्ला त्यासाठीच असतो.

पुडा कुठे ठेवला होता?

हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांचा ठोकताळा असा, की साठवणीचं तापमान ५ अंशांनी कमी केलं की बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि बियातला ओलावा १ टक्क्याने उतरला तरी दुप्पट होतं. हे उलट दिशेनेही खरं आहे. पत्र्याच्या शेडमध्ये मार्च ते जून पडलेलं कांद्याचं बी जूनमध्ये मेलेलं निघालं तर नवल नाही, कारण भाजीपाल्यात कांद्याचं बी सगळ्यात लवकर जीव सोडणाऱ्यांपैकी आहे. घरचं बी नीट सुकवून हवाबंद डब्यात भरा आणि धाब्याच्या किंवा जाड भिंतीच्या खोलीत, जमिनीलगत, पाटावर ठेवा. मागच्या वर्षीचं कांदा बी कापडातली चाचणी घेतल्याशिवाय वाफ्यात टाकू नका.

आणि बियाणं खरंच खराब निघालं तर

दोन्ही गुंडाळ्यांत बी कुजलं, साठवण ठीक होती, मातीचा ताप मोजलेला आहे, तर गप्प बसू नका. पुडा, त्यावरचं लेबल, पावती आणि थोडं न पेरलेलं बी जपून ठेवा. वाफ्याचे तारखेसह फोटो काढा, दुपारच्या आणि पहाटेच्या तापमानाची नोंद सोबत जोडा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. पोच घ्या. पुणे, परभणी आणि नागपूर इथे शासकीय बीज परीक्षण प्रयोगशाळा आहेत. वाफा मोडायची घाई करू नका, पंचनामा होईपर्यंत तो तसाच राहू द्या.